पिंपं उपडी घालण्याची दुपार

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून तीन निळी पिंपं उभी असतात. छपरावरचं पावसाचं पाणी पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून पिंपात, एवढाच सगळा मामला. ही पिंपं मुळात कुठल्याशा कारखान्यातली, खारवलेल्या मिरच्यांची. आमच्या इथल्या गावात, वेस्ट विंडसरमध्ये, एका शनिवारी पावसाचं पाणी कसं साठवायचं ते शिकवायचा वर्ग होता. तिथून बायको पहिलं पिंप घेऊन आली, गाडीची मागची सीट पाडून, आडवं घालून. गाडीला पुढे कितीतरी दिवस व्हिनेगरचा वास येत होता. त्या उन्हाळ्यात टोमॅटोंना घातलेल्या पाण्यालाही तो यायचा. टोमॅटोंनी काही तक्रार केली नाही.

घराबाहेरच्या कामांची आमची वाटणी सरळ होती. बर्फ माझा, बाग तिची. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आसपास ती पिंपं रिकामी करायची, धुऊन उपडी घालायची, आणि मार्च सरता सरता पुन्हा जागेवर उभी करायची. मी हे घरातल्या ऑफिसच्या खिडकीतून पाहायचो, मीटिंग चालू असताना, स्वतःला म्यूट करून. त्या कामात नेमकं काय काय असतं हे मला माहीत नव्हतं आणि माहीत असायची वेळही कधी आली नव्हती.

मग एका उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. आधी आम्हाला वाटलं अ‍ॅसिडिटी. मग एका रात्री अ‍ॅम्ब्युलन्स बोलवावी लागली, तपासण्या झाल्या आणि आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि सप्टेंबरात केमो सुरू झाली. तिच्या औषधाची एक विचित्र गोष्ट होती. त्याला थंड चालायचं नाही. फ्रिजमधली दुधाची बाटली धरली की बोटांत सुया टोचायच्या. गार पाण्याचा घोट घेतला तर घशात काच अडकल्यासारखं व्हायचं. नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं: फ्रिज उघडताना हातमोजे, बाहेर पडताना नाकातोंडावर मफलर, प्यायला कोमट पाणी. जी बाई ऐन जानेवारीत अनवाणी पायांनी कचरा टाकून यायची, ती आता नळ सोडायच्या आधी गरम पाणी आलं का म्हणून मला विचारायची.

मुलगी कॉलेजसाठी लांब कॅलिफोर्नियात होती. मदतीला लातूरहून सासूबाई आल्या.

लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाली होती, पण सासूबाईंचं आणि माझं बोलणं ठरलेलं होतं. ‘जेवलात का?’ ‘जेवलो.’ ‘तब्येत बरी?’ ‘बरी आहे.’ त्यांच्या लेखी जावई म्हणजे पाटावर बसवून वाढायचा माणूस. मी ताट उचलायला गेलो की त्या आधी उचलत. मी कप विसळायला उठलो की सिंकपुढे जाऊन उभ्या राहत. घरात एकच माणूस आजारी होतं आणि आम्हा दोघांचाही जीव त्या एका माणसात अडकला होता. पण ते एकमेकांना दिसू द्यायचं नाही, असं आमच्यात न बोलताच ठरून गेलं होतं. मी कॉम्प्युटरकडे बघत बसायचो, त्या तांदूळ निवडत बसायच्या. इथल्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं.

थँक्सगिव्हिंगला अजून आठवडा होता. बायको सोफ्यावर पांघरूण घेऊन पडली होती आणि फोनवर हवामान बघत होती.

“पिंपं रिकामी केलीस का रे?”

“करतो ना वीकेंडला.”

“वीकेंडला काय बर्फ फोडणारेस? उद्या रात्रीपासून हार्ड फ्रीझ आहे. पाणी गोठलं की फुगतं. पिंप तडकेल, आणि आधी त्याचा नळ जाईल.”

“एक वर्ष राहू दे ना तसंच. तडकलं तर नवीन आणू.”

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला कळलं की हे पिंपांबद्दल नाही. पिंपं तडकू दिली, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं कुणी काही धरूनच चाललेलं नाही, असं होणार होतं.

“उद्या दुपारी करतो,” मी म्हटलं. “तू सांग कसं करायचं ते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हाफ डे टाकला. स्वयंपाकघराची खिडकी थेट मागच्या अंगणावर उघडते, पण ती उघडली तर गार वारा आत येणार. म्हणून बायको खिडकीच्या आत खुर्चीवर बसली, गुडघ्यांवर गोधडी घेऊन, आणि तिने मला व्हिडिओ कॉल लावला. मी फोन जॅकेटच्या वरच्या खिशात उभा ठेवला. एकमेकांपासून दहा पावलांवर, काचेच्या आत-बाहेर, आणि मध्ये फोन.

“मला नुसतं आभाळ दिसतंय,” ती म्हणाली. “जरा वाक.”

मी वाकलो.

“हं. आता पहिल्या पिंपाचा नळ सोड. पूर्ण सोड, आणि नंतरही सोडलेलाच ठेवायचा, हिवाळाभर.”

मी नळ सोडला. पाणी जोरात आलं, पिवळ्या पडलेल्या गवतावर पसरलं, उताराने कुंपणाकडे निघालं. वाटलं, हे तर सोपं आहे. तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं.

“अहो, बंद करा! आधी बंद करा ते!”

सासूबाई दारात उभ्या होत्या. अंगात बायकोचं घोट्यापर्यंतचं जॅकेट, त्याखाली साडी, पायांत मोजे आणि माझ्या रबरी चपला, दोन्ही हातांत बादल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी मला दिलेला हा पहिला हुकूम. मी इतका दचकलो की नळ उलटा फिरवून आणखीच सोडला.

“पाणी असं सांडून देतेत का कुठं?” त्या जवळ येत म्हणाल्या आणि नळाखाली बादली सरकवली. “भरलेलं पिंप! जमिनीवर!”

मी त्यांना सांगितलं, की हे पाणी ठेवताच येत नाही, आज रात्री गोठणार आहे, गोठलं की पिंप फुटणार आहे. त्यांनी ऐकून घेतलं. बादली भरत होती तिच्याकडे बघत ऐकलं.

“ठेवायचं नाही ते कळलं,” त्या म्हणाल्या. “पण सांडायचं कामून? झाडं आहेत ना इतकी.”

“आई, थंडीत झाडांना पाणी घालत नाहीत,” मी म्हटलं. मला वाटलं, मी बरोबर बोलतोय.

खिशातून बायकोचा आवाज आला. “घालतात. सदाहरित झाडांना घालतात. त्यांची पानं हिवाळाभर असतात ना, वाऱ्याने सुकतात. आणि जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही. त्याच्या आधी पोटभर पाजून ठेवायचं. मी दर वर्षी तेच करते. तुला काय वाटलं, मी गवतावर ओतते?”

मला तसंच वाटलं होतं. खिडकीतून तसंच दिसायचं.

मग आम्ही कामाला लागलो. मी बादल्या न्यायचो, सासूबाई भरायच्या. आधी कोपऱ्यातलं काटेरी पानांचं होलीचं झाड, मग पुढच्या दाराशी असलेली बुटकी झुडपं, मग बायकोने आदल्या वर्षी लावलेलं छोटं पाइन. “खोडावर नको, जरा लांब ओत, गोल फिरवून,” खिसा सांगत होता. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात जुना तोरा ऐकू येत होता, आणि मी मुद्दाम एक-दोन चुका केल्या असतील तर त्या तेवढ्यासाठी.

दोन पिंपं अशी रिकामी झाली आणि आमची झाडं संपली. तिसरं काठोकाठ भरलेलं होतं, आणि त्याचा नळ हलत नव्हता. मी पकडीने जोर लावला.

“मोडशील!” बायको म्हणाली. “थांब, मी पाणी तापवते. गरम कापड गुंडाळ त्याला.”

खिडकीतून मला ती उठताना दिसली. खुर्चीला धरून, सावकाश. तिने हातमोजे घातले, केटली भरली, स्विच दाबला. एवढंच. पण ऑपरेशनपासून तिने घरात कुणासाठी काही तापवलं नव्हतं. सासूबाईही खिडकीकडे बघत होत्या. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही लगेच बादल्यांकडे पाहिलं.

गरम कापडाने नळ सैल झाला. आता पाणी होतं आणि ते घालायला झाड नव्हतं. तेवढ्यात शेजारचे गृहस्थ ढकलगाडी घेऊन कुंपणाच्या कडेने येताना दिसले. एकटे राहणारे, निवृत्त, सत्तरीच्या पुढचे. आमची त्यांची ओळख हात हलवण्यापुरती. त्यांनी त्या सप्टेंबरात दोन्ही आवारांच्या मध्ये सदाहरित झाडांची नवी रांग लावली होती. बागेचा होज पाइप त्यांनी थंडीसाठी गुंडाळून आत ठेवून दिला होता आणि आता नव्या झाडांना पाणी कसं घालायचं या विचारात ते होते. आमची वरात त्यांनी खिडकीतून पाहिली होती. जास्तीचं पाणी असेल तर मिळेल का, असं त्यांनी मला अगदी संकोचाने विचारलं.

त्यांचं इंग्रजी मी मराठीत करून सांगायच्या आतच सासूबाई उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाल्या, “अहो, हे तर आपले कचरेवाले!”

“कोण?”

“कचरेवाले. सकाळी डबे रस्त्यावर नेऊन ठेवतेत, नंतर परत आणून लावतेत. मी दर वेळी खिडकीतनं नमस्कार करते त्यांना. माणूस चांगला आहे. शेजारीच राहतेत हे माहीत नव्हतं.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आमच्या इथे कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी ज्याने त्याने आपापले डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचे असतात. ऑपरेशन झाल्यापासून ते डबे वेळेवर जात होते आणि वेळेवर परत येत होते. मला वाटायचं सासूबाई नेतात आणि जावयाला कळू देत नाहीत. बायकोला वाटायचं मी नेतो. मी त्या गृहस्थांना विचारलं. ते पिंपाकडे बघत म्हणाले, अ‍ॅम्ब्युलन्स आलेली पाहिली होती. काय झालंय ते विचारणं बरं दिसलं नसतं. डबे तर दिसतच होते.

खिशातल्या फोनमधून बायकोने त्यांचे आभार मानले. आवाज कुठून आला ते त्यांना कळेना. मी खिडकीकडे बोट दाखवलं. तिने हातमोज्यातला हात हलवला, त्यांनी टोपी काढून हलवली. सासूबाईंना मी सांगितलं, की हे कचरेवाले नव्हेत, हे आपल्यासाठी करत होते, आपण होऊन. मग सासूबाईंनी ढकलगाडीत ठेवलेले पाण्याचे रिकामे कॅन स्वतः भरायला घेतले आणि ते गृहस्थ “मी भरतो, मी भरतो” म्हणत असताना भरतच राहिल्या. त्या मराठीत बोलत होत्या, ते इंग्रजीत, आणि मी मध्ये पडायची गरज उरली नाही. तिसऱ्या पिंपातलं जवळजवळ सगळं पाणी त्या नव्या रांगेला गेलं.

ते गेल्यावर पिंपं धुवायची राहिली. नळ तळापासून वर असतो, त्यामुळे खाली थोडं पाणी आणि गाळ राहतो. आम्ही पहिलं पिंप आडवं केलं. काळा लगदा बाहेर आला: छपराची वाळू, मेपलच्या बिया, कुजलेली पानं. बायकोने सांगितलं तसा तो गुलाबांच्या बुडाशी पसरला. मग सासूबाईंनी जॅकेटच्या बाह्या वर केल्या, लांब दांड्याचा ब्रश घेतला आणि अर्ध्या पिंपात शिरल्या.

“अरे, धर ना नीट! गडगडतंय!”

आतून आवाज आला. मी पिंप दोन्ही गुडघ्यांत धरलं. त्या ‘अरे’ म्हणाल्या हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, आणि मी काही ते लक्षात आणून देणार नव्हतो.

ब्रश चालवता चालवता त्या बोलू लागल्या. पिंपाच्या पोटातून घुमत येणारा आवाज, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच बोलल्या असतील.

“आमच्याकडं नळाला पाणी आलं की सगळी गल्ली धावायची. किती वेळ राहील त्याचा नेम नाही. ही दहावीला होती तेव्हा, निकालाच्या दिवशीच पाणी आलं. ही शाळेतून पळत आली, हातात मार्कांचा कागद. आई, आई म्हणत. मी नळापाशी. मी म्हणलं, आधी हंडा धर. तिनं कागद ब्लाउजात खोचला आणि हंडा धरला. मग दुसरा धरला. मग टाकी. सगळं भरून झालं, नळ गेला, तेव्हा मला आठवलं. विचारलं, काय ग निकाल? ती म्हणली, पहिला वर्ग आहे. अंगावर सगळी भिजलेली. कागदावरची शाई पसरलेली.”

ब्रश थांबला.

“आता रोज आठवतंय बगा ते. लेकरू धावत आलं होतं. मी आधी त्याला जवळ घ्यायला पाहिजे होतं. पाणी काय, पुन्हा आलं असतं.”

मी पिंप धरून उभा राहिलो.

“आई,” माझ्या खिशातून आवाज आला. “मी सगळं ऐकतेय.”

फोन चालूच होता. आम्ही दोघंही विसरलो होतो. सासूबाई पिंपातून बाहेर आल्या, केसांना कुजलेली पानं चिकटलेली, आणि त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

“आणि पुन्हा आलं नसतं,” बायको म्हणाली. “त्या वेळी पुढे किती दिवस आलं नव्हतं, आठव. आणि संध्याकाळी तू पेढे आणलेस. सगळ्या गल्लीत वाटलेस, स्वतः दारोदार जाऊन. ते कसं विसरलीस? मला तर तेच आठवतं. हंड्याचं मला आठवतच नाही.”

सासूबाईंनी पदर शोधला, तो जॅकेटच्या आत होता, म्हणून त्यांनी बाहीनेच डोळे पुसले. गाळ लागला चेहऱ्याला. खिडकीत बायको हसत होती आणि रडत होती. मी मात्र पिंप सोडलं नाही.

बाकीची दोन पिंपं धुऊन आम्ही तिन्ही भिंतीशी उपडी घातली, नळ उघडे ठेवून. आता फक्त पाइप राहिला होता. उन्हाळ्यात तो पिंपावर संपतो, हिवाळ्यात मात्र त्याला खालचा तुकडा पुन्हा जोडून पाणी घरापासून लांब काढावं लागतं, नाहीतर वितळलेला बर्फ थेट तळघरात उतरतो. गॅरेजमधून तो तुकडा आणि त्याचा वाकडा एल्बो मी शोधून आणला, बसवला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला.

“झालं,” मी म्हटलं.

फोनमधून उत्तर आलं नाही. खिडकीतली खुर्ची रिकामी होती. मागचं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. लोकरीची टोपी, डोळ्यांपर्यंत मफलर, दोन हातमोज्यांवर दोन हातमोजे, अंगात माझा जुना जाडजूड पार्का. सासूबाई “अगं बाई, आत हो, आत हो” म्हणत धावल्या. ती थांबली नाही. हळूहळू चालत पाइपापाशी गेली.

“उलटा बसवलायस,” मफलरच्या आतून ती म्हणाली. “तोंड घराकडे केलंयस. सगळं पाणी तळघरात.”

तिने हातमोज्यातल्या हाताने एल्बो काढला, फिरवला, दाबून बसवला. बोटांत मुंग्या आल्या असणार, कारण तिने हात झटकला आणि काखेत धरला. पण आत गेली नाही. टोमॅटोंच्या रिकाम्या वाफ्यापर्यंत गेली, पायाने माती उकरून पाहिली, ओल्या होलीकडे पाहिलं, शेजारच्या नव्या रांगेकडे पाहिलं. आम्ही दोघं तिच्या मागे मागे, पडली तर धरायला. ती पडली नाही. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच आपल्या बागेत उभी होती, आणि तिच्या लक्षात यायला लागलेल्या कामांची यादी ती मला एकामागून एक सांगत होती.

पुढचं सांगून टाकतो. केमो वसंत यायच्या सुमाराला संपली. नंतरच्या स्कॅनमध्ये काही सापडलं नाही, त्याच्यानंतरच्याही. डॉक्टरांचा फोन येतो तेव्हा अजूनही आम्ही दोघं उभं राहून ऐकतो, बसून ऐकायचं धाडस होत नाही. बोटांच्या टोकांत थोडा बधिरपणा उरला आहे, सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारते. तो दोरा ओवताना मला जे वाटतं त्याला कृतज्ञतेशिवाय दुसरा शब्द मला सापडलेला नाही, आणि ती नेमकी कुणाला वाहायची हेही कळत नाही. सर्जनला, नर्सला, लातूरहून आलेल्या एका बाईला, डबे उचलणाऱ्या एका माणसाला. बहुधा सगळ्यांनाच.

पण मला त्या दिवसाची संध्याकाळ जास्त आठवते. बाहेर अंधार लवकर पडला होता, वारा सुटला होता. सासूबाईंनी आमटी-भात केला, वर शेंगदाण्याची चटणी. केमो सुरू झाल्यापासून बायको चार घास खाऊन ताट सरकवायची आणि आम्ही दोघं ते न पाहिल्यासारखं करायचो. त्या दिवशी तिने भात संपवला. मग ताट थोडं पुढे केलं.

“आई, अजून आमटी आहे का?”

सासूबाई उठल्या, शेगडीपाशी गेल्या, आणि आमच्याकडे पाठ करून पातेल्यात डाव ढवळत बराच वेळ उभ्या राहिल्या. आमटी गरमच होती. मी उठलो, त्यांच्या हातातून डाव घेतला, बायकोला वाढलं, आणि मग त्यांचं ताट वाढून त्यांना तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या आणि जेवू लागल्या.